सर्वांत सहज अभिनय म्हशीचा

सिनेमा पाहून कुणाचं वाईट झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वाईट होतं ते बाहेर आल्यावर, कुणीतरी "कसा हाय?" असं विचारतं तेव्हा. त्या वेळी "बरा आहे" एवढं बोलून जो सरळ घरी जातो, तो सुखानं म्हातारा होतो. मी म्हातारा झालो, पण दुसऱ्या पद्धतीनं.

चाळीस वर्षं मी एका दैनिकात दर शनिवारी टवाळी लिहिली. नोकरीतून निवृत्त झालो तरी तोंड निवृत्त झालेलं नाही, असं आमच्या हिचं मत आहे. (हिची मतं घराबाहेर जात नाहीत, म्हणून गल्लीत शांतता नांदते.) रिकामा वेळ म्हणून मी दर बुधवारी दुपारी बाराच्या खेळाला जाऊ लागलो. त्या खेळाला मी, डोअरकीपर आणि पंखा असे तिघंच असतो. पैकी पंखा मध्यंतरानंतर झोपतो.

परतताना गल्लीच्या तोंडाशी निसारभाईंचं दुकान लागतं. निसारभाई डिजिटल फलक छापतात. आमच्या भागातले सगळे वाढदिवस, निवडी आणि 'भावी' माणसं त्यांच्याच मशिनमधून बाहेर येतात. शिवाय ते आमच्या तालमीचे सेक्रेटरी. तालमीत व्यायाम करणारे चार आणि बाहेर कट्ट्यावर बसून त्यांना सूचना करणारे चाळीस, असं प्रमाण आहे. तालमीच्या भिंतीवर एक मोठा काळा फलक आहे. कुणाचं निधन, कुणाची जयंती, उद्या पाणी येणार नाही, आणि जगात कुठंही काही घडलं की त्याचा जाहीर निषेध, हे सगळं त्या फलकावर खडूनं लिहिलं जातं.

एका बुधवारी निसारभाईंनी विचारलं, "काका, कसा हाय पिच्चर?"

मी म्हटलं, "नायक संथ गतीनं चालत येतो. तो पोचेपर्यंत मध्यंतर झालं."

निसारभाई इतके हसले की मशिनमधून एका नगरसेवकाचा गाल वाकडा निघाला. म्हणाले, "ह्ये फलकावर घालूया की! लोकांची तिकिटं वाचतील. पुण्य लागंल तुमास्नी."

पुण्य म्हटल्यावर मी नाही म्हणू शकलो नाही. त्या शुक्रवारपासून फलकाच्या उजव्या बाजूला 'आमच्या मते' असं सदर सुरू झालं. पहिल्याच महिन्यात मी लिहिलं, "नायिका नदीत पडते, पावसात भिजते, चितेजवळ रडते; काजळ तेवढं टिकाऊ आहे. कंपनीचं नाव दिलं असतं तर महिलावर्गाची सोय झाली असती." नंतर एकदा, "खलनायक इतका सुस्वभावी वाटला की शेवटी पोलिसांनी नायकालाच न्यायला हवं होतं." रिक्षावाले थांबून वाचायचे. भाजीला निघालेल्या बायका वाचायच्या. एक गृहस्थ तर मला रस्त्यात अडवून म्हणाले, "पावणं, लई भारी लिवतासा. नाटकाचं बी घ्या की मनावर." माणसाला वाचक भेटला की त्याच्या चालण्यात फरक पडतो. मीही त्या दिवसांत थोडा संथ गतीनं चालत असे, असं ही सांगते.

मग तो सिनेमा आला. त्याचं नाव सांगत नाही. जखम अजून ओली आहे. गावाकडची गोष्ट होती. दोन भाऊ, एक विहीर, एक म्हैस. थोरला भाऊ विहिरीवरून भांडतो, धाकटा म्हशीजवळ उभा राहून दुःख करतो. बाहेर आल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट उरली होती, आणि तीच मी शुक्रवारी भल्या पहाटे फलकावर उतरवली:

"आमच्या मते: सर्वांत सहज अभिनय म्हशीचा. तिच्या शेजारी उभा असलेला इसम अभिनय करतो आहे हे कळत होतं. म्हशीचं कळलं नाही."

मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटतं, नाव घेतलं नाही म्हणजे आपण सुरक्षित. प्रत्यक्षात नाव घेतलं तर एकच माणूस चिडतो.

त्याच सकाळी आठला दारात गुंडू उभा. गुंडू म्हणजे संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हैस बांधून गिऱ्हाइकासमोर धार काढून देणारा गडी. पेलाभर फेसाळ दूध उभ्यानंच प्यायचं आणि मिशा पुसत घरी जायचं, ही आमच्याकडची रीत. त्याच्या हातात किटली होती आणि डोळ्यांत पाणी.

"काका, आमच्या चंद्रीचं सोनं केलासा! तीन दिवस शूटिंगला गेलती बिचारी. उन्हात उभी. एका शब्दानं कुणी विचारलं न्हाय. तुमी जाणलासा."

ती म्हैस त्याची होती, हे मला तेव्हा कळलं. दोन लिटर दूध ठेवून तो गेला. समीक्षेचं मानधन म्हणून दूध मिळालेला मी बहुधा पहिलाच.

ते दूध तापेपर्यंत दुसरी व्यक्ती आली. समोरच्या घरातल्या पूर्णिमावहिनी. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. इतर वेळी ते गोड वाटतं. वहिनींच्या तोंडी नोटीस बजावल्यासारखं वाटतं.

"भाऊजी, मी काय वाईट केलो तुमचं?"

"काय झालं, वहिनी?"

"म्हशीशेजारचा इसम! आवो, त्यो इसम माझा राजवीर हाय!"

मी खुर्चीवर बसलो. बसलेलाच होतो, पण पुन्हा एकदा बसलो. राजवीर, वहिनींचा एकुलता एक. पाच वर्षं मुंबईला. पडद्यावर त्याला मुंडासं होतं, मिशा होत्या, अंगभर चिखल होता.

"वहिनी, देवाशपथ, मी त्याला ओळखलंच नाही."

"ओळखलं न्हाय? चार शीन हायत त्याचे! दोन तर जवळनं!"

मूळ मतापेक्षा माझी ही सफाईच त्यांना जास्त लागली. नजर लागू नये म्हणून वहिनींनी कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना अचानक सिनेमाला नेऊन चकित करायचा त्यांचा बेत होता. पण खरी अडचण त्याहून मोठी होती. वहिनींचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली. पोरगा नट म्हटल्यावर आतापर्यंत सहा स्थळांनी पोहे खाऊन नकार दिला होता. सातवं स्थळ वारणानगरचं. मुलीचे वडील विजयसिंह, जन्म डेअरीत गेलेला माणूस. त्यांनी सिनेमाची जाहिरात पाहिली, त्यात मध्यस्थानं सांगितलेला हाच पोरगा म्हशीजवळ उभा दिसला, आणि स्वतःहून निरोप धाडला की रविवारी बघायला येतो.

"आनि गल्लीला वाट एकच," वहिनी म्हणाल्या. "त्या फलकाखालनंच येणार त्ये. ह्ये स्थळ मोडलं तर मी पुन्हा तुमच्या दारात यायची न्हाय, भाऊजी. आनि राजवीर तर म्हणतोय, ह्येबी न्हाय म्हणाले तर आता कुणालाच बोलवू नको."

शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या. मी चपला घातल्या आणि ओलं फडकं घेऊन निघालो.

निसारभाईंनी मला फडक्यासह पकडलं.

"काका, थांबा. पुसता येत न्हाय."

"माझंच मत आहे ना?"

"लिहिपर्यंत तुमचं. लिहिलं की तालमीचं."

तीन वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा मुदतीआधी पुसल्या होत्या आणि त्यावरून दोन गल्ल्या सात महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. तेव्हा रीतसर ठराव झाला: शुक्रवारी लिहिलेलं पुढच्या शुक्रवारीच पुसायचं, त्याआधी पुसायचं तर लेखी अर्ज आणि कार्यकारिणीतल्या तिघांच्या सह्या. मी तिथंच कागद मागितला. 'विषय: मत बदलल्याबाबत.' निसारभाईंनी चष्मा लावून वाचला.

"कारण पायजे ह्यात."

"मत बदललं हेच कारण."

"व्हय, पर का बदललं?"

"पूर्णिमावहिनी आल्या होत्या."

"मग 'दबावाखाली' असं लिहा. पर दबावाखाली पुसायचं न्हाय, असाच तर ठराव हाय."

तरीही अर्ज आवक झाला, त्यावर शिक्का बसला. सह्यांचे तीन धनी शोधले. एक स्वतः निसारभाई. दुसरे कुस्त्या बघायला कुरुंदवाडला गेले होते ते सोमवारी येणार होते. तिसरे घरातच होते, पण दुसऱ्यांनी केल्याशिवाय ते सही करत नाहीत. हे त्यांचं तत्त्व आहे आणि त्या तत्त्वावरच ते निवडून येतात.

माझा चेहरा पाहून निसारभाईंना दया आली. "काका, पुसता येत न्हाय. खाली जोडायला कुणी नको म्हटलंय? वीतभर जागा हाय बगा."

आता राजवीरबद्दल चांगलं काय लिहायचं? मी तालमीच्या पायरीवर बसून सिनेमा पुन्हा डोळ्यांसमोर आणला. चालणं? नको. रडणं? नकोच. आणि एकदम आठवलं. एका दृश्यात धाकटा भाऊ धार काढतो आणि पडदाभर फक्त हात दिसतात. काय हात! लयीत, मायेनं, एक थेंब बाहेर न सांडता. तिथं मी खरोखर सावरून बसलो होतो. मी खडू घेतला आणि अगदी मनापासून लिहिलं:

"पुरवणी: तथापि आपल्या गल्लीचे सुपुत्र चि. राजवीर यांचे धार काढतानाचे हात केवळ अप्रतिम. असे बोलके हात आमच्या पाहण्यात नाहीत."

वहिनींनी खिडकीतून वाचलं आणि हातानंच 'चालेल' अशी खूण केली. घरी येऊन मी दोन वाट्या बासुंदी खाल्ली. दूध होतंच.

शनिवारी दुपारी राजवीर मुंबईहून आला. पोरगा देखणा, उंच आणि अतिशय साधा. आल्या आल्या पाया पडला. मग इकडंतिकडं बघून कानाशी आला.

"काका, उपकार झाले. पण एक घोळ हाय."

"बोल."

"ते हात माझे न्हाईत. गुंडूमामाचे हायत. मला धार काढायलाच येईना, तर दिग्दर्शकांनी त्यास्नी बसवलं. माझं फक्त डोकं हाय वर."

माझ्या आयुष्यात मी मोजून एकदा एका नटाचं मनापासून कौतुक केलं, आणि त्यात नट नव्हता.

तेवढ्यात गुंडू आलाच. या खेपेला किटली नव्हती.

"काका, म्हैस माझी, हात माझे. आनि सुपुत्र त्यो? फलकावर वीतभर जागा अजून शिल्लक हाय. मी बी लिवतो आता."

मी त्याला आत घेतलं, चहा दिला, लग्नाचा मामला समजावला. गुंडू मनानं चांगला. पाच मिनिटं विचार करून म्हणाला, "पोराच्या लग्नात मी आडवा येणार न्हाय. हात दिले बगा त्याला. पर चंद्रीचा सत्कार करायचा. उद्या संध्याकाळी, दूध कट्ट्यावर. तुमच्या हस्ते. फेटा बांधून."

"म्हशीला फेटा?"

"तुमास्नी! ती कशाला बांधून घेतीय?"

मी कबूल झालो. संध्याकाळपर्यंत निसारभाईंनी गल्लीभर रुंद डिजिटल फलक टांगला. मध्ये चंद्री, शिंगांना गोंडे. खाली: 'सर्वांत सहज अभिनयाबद्दल जाहीर सत्कार'. आणि तिच्या उजव्या कानाशी एका गोलात मी. फोटो कुठून मिळवला कुणास ठाऊक. त्यात मी कुठल्यातरी समारंभात शिंकायच्या बेतात होतो. "चंद्रीचा कसा सुंदर आलाय," एवढंच ही म्हणाली.

रविवारी चार वाजता पाहुणे आले. विजयसिंह म्हणजे रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. बरोबर मुलगी मोना. एका डेअरीत दुधाची तपासणी करते. दोघं तालमीच्या काळ्या फलकाखाली तब्बल चार मिनिटं उभे होते. मी पडद्याआडून मोजत होतो. शेजारी म्हणून आम्हाला वहिनींकडं बोलावणं होतंच, आणि मला सक्त ताकीद होती: पोहे खायचे, मान हलवायची, मत द्यायचं नाही.

विजयसिंहांनी पोह्याला हातच लावला नाही. म्हणाले, "वर काय लिवलंय त्याचं आमास्नी काय न्हाय. म्हशीसमोर कोण टिकतंय? पर खालचं वाचून बरं वाटलं. नट असू दे, कलाकार असू दे, धार काढणारा हात हाय न्हवं? मग पोरगं कुठंबी उपाशी मरत न्हाय." आणि राजवीरकडं वळले. "दाखवा बगू हात."

राजवीरनं हात पुढं केले. ते इतके मऊ होते की मलाच लाज वाटली. विजयसिंहांनी तळवा उलटा केला, सुलटा केला.

"मुंबईत... मलम लावतात वाटतं," मी म्हणालो. हिनं माझ्या पायावर पाय ठेवला.

"आसंल," विजयसिंह म्हणाले. "चला की मग. कट्ट्यावर म्हैस हायच, सत्कारबी हाय म्हणं. जावयाची धार बघू आनि सुपारी फोडू."

वहिनींचा रंग उडाला. हातांची भानगड त्यांना राजवीरनं सकाळीच सांगितली होती. पण आता नाही म्हणणार कसं? आमची वरात निघाली: पुढं विजयसिंह, मागं मोना, तिच्या मागं फाशीला निघाल्यासारखा राजवीर, शेवटी फेटा बांधलेला मी. लोक मलाच नवरामुलगा समजून बाजूला होत होते.

कट्ट्यावर तोबा गर्दी. चंद्रीला अंघोळ, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरू. मी हार घातला. तिनं तो हार अर्ध्यापर्यंत खाल्ला आणि माझ्या उजव्या पायावर आपला पाय ठेवून शांतपणे उभी राहिली. नवी कोल्हापुरी चप्पल होती. टाळ्या पडल्या.

"हं," विजयसिंह म्हणाले, "बसा, जावईबापू."

राजवीर बसला. चरवी गुडघ्यात धरली. एकवार गुंडूकडं पाहिलं. गुंडूनं पाठ फिरवली. दिल्या शब्दाला जागायचं तर एवढंच त्याच्या हातात होतं. राजवीरनं सुरुवात केली. काहीच झालं नाही. पुन्हा केली. चंद्रीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, ते पाहणं मी शब्दांत लिहू शकत नाही. सहज अभिनय म्हणतात तो हाच. मग तिनं शेपटी मारली, त्याचे केस विस्कटले, चरवी घरंगळत निसारभाईंच्या पायाशी गेली.

राजवीर उभा राहिला. छाती भरून घेतली आणि सिनेमातल्या आवाजात म्हणाला, "आज... आज हिची प्रकृती बरी दिसत नाही!"

त्याचे कान लालभडक झाले. नजर एकदा आभाळाकडं, एकदा चपलेकडं. अख्ख्या कट्ट्यात एकालाही ते खरं वाटलं नाही. चंद्रीसुद्धा रवंथ करायची थांबली.

आणि मोना हसली. तोंडावर हात ठेवून नव्हे, चांगली मोकळी हसली.

"खरं सांगा," तिनं विचारलं. "पिच्चरमधले हात कुणाचे?"

राजवीरनं आईकडं पाहिलं. आईनं डोळे मिटले. "गुंडूमामाचे," तो म्हणाला. "मला न्हाय येत. म्हशीची भीती वाटती मला."

एवढं वाक्य तो अगदी साधं बोलला. सिनेमात असं एक बोलला असता तर मी फलकभर लिहिलं असतं. गुंडूनं मात्र शब्दातून सुटका झाल्यासारखे दोन्ही हात वर केले आणि गोल फिरून लोकांना दाखवले.

विजयसिंह गंभीर झाले. "म्हंजे फसवणूकच की ही. चल मोना."

मोना हलली नाही. "बाबा, थांबा. ह्यांना अभिनय येत न्हाय."

"त्ये दिसतंयच की!"

"म्हणून मला पसंत हायत."

चंद्रीचं घुंगरू वाजलं.

"गेल्या साली त्यो जयसिंगपूरचा आलता बघा," मोना म्हणाली. "दारूला शिवत न्हाय म्हणाला. काय सुंदर बोलला! तुमच्या डोळ्यांत पाणी आलतं. सुपारी फोडायच्या आदल्या दिवशी कळलं आपल्याला. बाबा, दुधात पाणी किती हाय ते मी रोज मशिनवर बघतो. ह्यांच्यातलं नुसतं कानाकडं बघून कळतंय. जन्मभर सोय झाली माझी."

"अगं, पर धार?"

"धार मी काढतो की. आपल्याकडं चौदा म्हशी हायत, धारंला माणसं हायत. खोटं न जमणारा माणूस एक बी न्हाय."

विजयसिंहांनी राजवीरला जवळ बोलावलं. "बोला हो. सिगारेट वढता काय?"

"न्ह... न्हाय," राजवीर म्हणाला, आणि कान पुन्हा पेटले. "कवातरी. महिन्यातनं एकदा."

विजयसिंह पहिल्यांदाच हसले. "पोरीचं बरोबर हाय," म्हणाले. "कुठाय सुपारी?"

सुपारी तिथंच फुटली, कट्ट्यावर, चंद्रीच्या साक्षीनं. निसारभाई नव्या फलकाचा मजकूर मनातल्या मनात जुळवू लागले. कुणीतरी पळत जाऊन पेढे आणले, आणि वहिनींनी वाटायला घेतले. गुंडूला दोन दिले. निसारभाईंना एक. चंद्रीला एक, स्वतःच्या हातानं. मग त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या. आनंदानं रडावं की रागानं, हे त्यांचं अजून ठरलेलं दिसत नव्हतं.

"भाऊजी, सून मिळाली. लाखात एक मिळाली. पर माझ्या पोराला अभिनय येत न्हाय म्हणून मिळाली. चारचौघांत."

"वहिनी," मी म्हणालो, "मी तसं लिहिलंच नव्हतं. मी फक्त म्हशीला येतो एवढंच..."

हिनं पायावर पाय ठेवला. चंद्रीनं ठेवला होता त्याच पायावर.

वहिनींनी एक पेढा उचलला, मधोमध मोडला, अर्धा माझ्या तळहातावर ठेवला आणि अर्धा पुन्हा पुड्यात टाकला.

"राहिलेला लगनात. तवर गप बसलासा तर."

मी अर्धा पेढा खाल्ला. गोड होता. किंचित कोरडा वाटला, पण ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.